लूप, रोल आणि उलटे उड्डाण: रेडिओ-नियंत्रित विमानांच्या कसरती समजून घेताना

रेडिओ-नियंत्रित विमान सरळ उडवणे, वळवणे आणि सुखरूप उतरवणे जमू लागले, की बहुतेकांना हवाई कसरतींची ओढ लागते. मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्याला वाटते, की एलेव्हेटरची स्टिक मागे ओढून धरली म्हणजे लूप (हवेतले उभे वर्तुळ) होतो आणि एलेरॉनची स्टिक एका बाजूला दाबून धरली म्हणजे रोल (लांबीच्या अक्षाभोवतीची पूर्ण फेरी) होतो. तेवढे केल्यावर विमान उलटेपालटे होते हे खरे. परंतु आकाशात उमटणारा लूप वर चिमटलेला, खाली फुगलेला आणि वाऱ्याबरोबर सरकलेला असतो, आणि रोल संपतो तेव्हा विमान सुरुवातीपेक्षा खाली व भलत्याच दिशेला गेलेले असते. गुरुत्वाकर्षण, वेग आणि वारा यांच्या ओढाताणीत विमान जिकडे ढकलले जाईल तिकडे जाते. ही ओढाताण आधीच ओळखून हातातल्या स्टिकने तिची भरपाई करणे, यालाच मी कसरत शिकणे म्हणतो. म्हणून या लेखात कोणती स्टिक कुठे न्यायची यापेक्षा ती का न्यायची, यावर अधिक भर दिला आहे.

जमिनीवर उभा असलेला वैमानिक

नियंत्रणे चार असतात. एलेरॉन विमानाला त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरवतात, एलेव्हेटर नाक वर-खाली करतो, रडर नाक डावी-उजवीकडे वळवतो आणि थ्रॉटल मोटरची ताकद ठरवतो. ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या नियंत्रकावर, सर्वाधिक प्रचलित असलेल्या मोड 2 या मांडणीत डाव्या स्टिकवर थ्रॉटल व रडर, तर उजव्या स्टिकवर एलेव्हेटर व एलेरॉन असतात. साध्या उड्डाणात डावा अंगठा जवळजवळ स्वस्थ बसून असतो. कसरतींमध्ये मात्र निम्म्याहून अधिक काम त्याच्याकडे येते आणि बहुतेकांची प्रगती नेमकी इथे अडते. रडर वापरण्याची सवय नसेल, तर आधी सरळ उड्डाणात आणि वळणांत ती जाणीवपूर्वक लावून घ्यावी.

खऱ्या विमानातील वैमानिकाला वेग, वजन आणि कल यांची जाणीव शरीरातून होते. मैदानावर उभ्या असलेल्याकडे केवळ डोळे असतात, आणि विमान आपल्याकडे येऊ लागले की डाव्या-उजव्याची अदलाबदलही होते. त्यासाठी एक खात्रीचा नियम आहे: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख आपल्याला खाली गेलेला दिसतो, त्याच बाजूला एलेरॉनची स्टिक न्यावी, तो पंख वर येतो. हे विचार न करता होऊ लागेपर्यंत कसरतींना हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण प्रत्येक कसरतीच्या शेवटी विमान अनपेक्षित कोनात समोर येण्याची शक्यता असते. संगणकावरील सिम्युलेटर या सवयीसाठी उत्तम आहे. खरा वारा आणि खरे अंतर त्यात पुरेसे जाणवत नाही, पण बोटांना वळण लावण्याचे काम ते स्वस्तात करून देते.

विमान कसे असावे

शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर असतात, टोकांकडे किंचित वर उचललेले असतात आणि त्यांचा तळ बहुधा सपाट असतो. ही रचना मुद्दाम अशी केलेली असते, की स्टिक सोडल्यावर विमान आपोआप सरळ व्हावे. कसरतींत हाच गुण आड येतो, कारण असे विमान उलटे झाले की ते सतत सुलटे होऊ पाहते. कसरतींच्या विमानाचे पंख धडाच्या मधोमध किंवा खाली, जवळजवळ सरळ आणि वर-खाली सारख्याच वक्रतेचे असतात. त्यामुळे ते उलटे असतानाही सुलट्याइतकेच निमूटपणे उडते. पहिले कसरती विमान म्हणून सुमारे 1.2 मीटर पंखविस्ताराचे फोमचे मॉडेल पुरेसे आहे. बाल्सा या हलक्या लाकडाचे विमान अधिक नेमके उडते, पण ते दुरुस्त करायला वेळ आणि जीव दोन्ही लागतात.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण 25 ते 33 टक्के अंतरावर ठेवतात. तो योग्य आहे का हे हवेत तपासता येते. विमान 45 अंशांत वर न्यावे, अर्धा रोल करून उलटे करावे आणि एलेव्हेटर मोकळा सोडावा. विमान त्याच रेषेत जात राहिले किंवा अगदी हळू जमिनीकडे झुकले, तर तोल उत्तम आहे. ते झपकन जमिनीकडे वळले, तर नाक जड आहे. आणखी वर चढू लागले, तर शेपूट जड आहे, आणि शेपूट जड असलेले विमान शिकणाऱ्याने उडवू नये.

ट्रान्समीटरमध्ये दोन सोयी आवर्जून वापराव्यात. ड्युअल रेटमुळे एका स्विचने नियंत्रणपृष्ठांची हालचाल कमी-जास्त करता येते आणि एक्स्पोमुळे स्टिकच्या मध्याजवळील हालचाली मऊ होतात. सुरुवातीला कमी रेट ठेवावा, म्हणजे घाबरून पूर्ण स्टिक ओढली तरी विमान बेभान होत नाही.

लूप: वर्तुळ कुठे बिघडते

9 सप्टेंबर 1913 रोजी रशियन वैमानिक प्योत्र नेस्तेरोव्ह यांनी कीव्हजवळ नियुपोर विमानात पहिला लूप केला. सरकारी विमान धोक्यात घातल्याबद्दल त्यांना आधी शिक्षा झाली आणि नंतर त्यांचा गौरवही झाला. पंखांना आधार देणारी हवा विमान कोणत्याही स्थितीत असताना सारखीच असते, वळणाचे बल पंखच पुरवतात, हा त्यांचा विचार होता आणि मॉडेलच्या लूपलाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

एलेव्हेटर एकाच जागी धरून ठेवला, तर पंख हवेला जवळजवळ एकाच कोनात भिडत राहतो. अशा वेळी पंखावरील लिफ्ट, म्हणजे त्याला उचलणारे बल, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, आणि वर्तुळात फिरण्यासाठी लागणारे बलही वेगाच्या वर्गाच्याच प्रमाणात बदलते. म्हणजे गुरुत्वाकर्षण नसते, तर एलेव्हेटर स्थिर धरल्यावर वेग कितीही बदलला तरी लूप आपोआप गोल झाला असता. प्रत्यक्षात लूपच्या तळाशी गुरुत्वाकर्षण लिफ्टच्या विरुद्ध ओढते आणि वळण मोठे करते. माथ्यावर विमान उलटे असते, लिफ्ट व गुरुत्वाकर्षण दोन्ही खालीच ओढतात आणि वळण आवळले जाते.

आकड्यांत पाहू. सेकंदाला 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटर वेगाने आलेले विमान तळाशी 12 मीटर त्रिज्येने वळू लागले असे समजा. मोटरने फक्त हवेचा रोध भरून काढला, तर माथ्यावर पोहोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे 16 मीटर उरतो, आणि एलेव्हेटर न बदलता धरला असेल तर माथ्यावरील त्रिज्या अवघी 7 मीटरच्या आसपास राहते. मैदानावर दिसणारा अंड्यासारखा लूप तो हाच. म्हणून चढताना थ्रॉटल वाढवून वेग टिकवावा, माथ्याजवळ एलेव्हेटर थोडा सैल सोडावा, उतरू लागल्यावर थ्रॉटल कमी करावा आणि तळाशी पुन्हा एलेव्हेटर वाढवावा. ‘ओढा आणि धरून ठेवा’ हा सल्ला पहिल्या दिवशी भीती घालवण्यापुरता ठीक आहे. त्यापुढे तो विसरावा.

याच उदाहरणात तळाशी पंखांवर विमानाच्या वजनाच्या सुमारे 6.3 पट भार येतो. हा आकडा स्टॉल समजण्यासाठी महत्त्वाचा आहे. पंख हवेला ठरावीक कोनापेक्षा, साधारणपणे 15 अंशांच्या आसपास, अधिक तिरका भिडला की हवेचा प्रवाह त्याच्या पाठीवरून सुटतो आणि लिफ्ट कोसळते; यालाच स्टॉल म्हणतात. विमान हळू असेल तरच स्टॉल होतो, हा समज चुकीचा आहे. स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सरळ उड्डाणात सेकंदाला 9 मीटर वेगावर स्टॉल होणारे विमान 6.3 पट भाराखाली सेकंदाला सुमारे 23 मीटर वेगावरच स्टॉल होईल. आपले विमान 25 मीटरने येत होते, म्हणजे हातात राखीव असे फारच थोडे आहे. स्टिक जरा अधिक हिसकली की एक पंख आधी सुटतो आणि विमान लूप सोडून गिरकी घेते. वेग असूनही विमान अचानक कलंडले असे जे अनेकदा ऐकू येते, त्यामागे रेडिओचा दोष क्वचितच असतो.

लूप तिरका होण्याचे कारण बहुधा सुरुवातीलाच सापडते. स्टिक ओढण्याच्या क्षणी एक पंख जरी खाली असेल, तरी संपूर्ण वर्तुळ त्या बाजूला कलते आणि विमान वेगळ्याच रेषेत बाहेर पडते. म्हणून लूपपूर्वी धावपट्टीला समांतर अशी लांब, सरळ रेषा उडवावी, पंख समपातळीत आहेत याची खात्री करावी आणि मगच ओढावे. सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावी. वाऱ्यामुळे पूर्ण लूप मागे सरकतो; तो जागेवर ठेवण्यासाठी वाऱ्याविरुद्ध जाताना वळण किंचित लांबवावे आणि वाऱ्याबरोबर येताना आवळावे लागते.

रोल: तीन क्षण आणि तीन सुधारणा

रोल दिसायला लूपपेक्षा सोपा आणि करायला कितीतरी अवघड आहे. एका सेकंदात उरकलेल्या रोलमध्ये चुका लपून जातात. तोच रोल चार-पाच सेकंदांत सावकाश करायचा म्हटले, की डावा हात खरोखर किती शिकला आहे ते दिसते. मला स्वतःला स्लो रोल ही सगळ्यांत देखणी कसरत वाटते, कारण तीत विमान स्वतःभोवती पूर्ण फिरते आणि तरीही त्याची वाट तसूभर ढळत नाही.

उजवीकडचा रोल घेऊ. आरंभी नाक अगदी थोडे वर करून एलेव्हेटर मध्यावर आणावा आणि मग उजवे एलेरॉन द्यावे. पाव रोल झाला की उजवा पंख जमिनीकडे आणि डावा आकाशाकडे असतो. पंखांची लिफ्ट आता विमानाला वर उचलत नाही, बाजूला ढकलते. नाक खाली पडू नये म्हणून आकाशाकडचा, म्हणजे या स्थितीत डावा, रडर द्यावा लागतो. अर्धा रोल झाला की विमान उलटे असते; रडर सोडून एलेव्हेटरची स्टिक पुढे ढकलावी लागते. पाऊण रोल झाला की डावा पंख खाली येतो आणि आकाशाकडचा रडर उजवा होतो. म्हणजे उजव्या रोलमध्ये क्रम असा येतो: डावा रडर, डाऊन एलेव्हेटर, उजवा रडर. डाव्या रोलमध्ये रडरची अदलाबदल होते. या सुधारणा एकामागून एक झटक्याने येत नाहीत. एक ओसरत असताना दुसरी चढत जाते, आणि एलेरॉन मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्रमाणात धरलेले राहते.

हे सर्व एकदम करायला जाऊ नये. आधी फक्त अर्ध्या रोलवरची ढकल शिकावी. ती बसली की पुढच्या आठवड्यांत पहिला रडर जोडावा, मग दुसरा. शेवटी चार ठिकाणी क्षणभर थांबणारा फोर-पॉइंट रोल करून पाहावा. त्यात प्रत्येक सुधारणा वेगळी दिसते आणि कुठली कमी पडते ते लगेच कळते.

उलटे उड्डाण आणि सर्वांत धोकादायक सवय

उलट्या विमानात वर जाण्यासाठी स्टिक ढकलावी लागते आणि खाली जाण्यासाठी ओढावी लागते. मागून पाहताना एलेरॉनचा परिणाम नेहमीसारखाच दिसतो, रडरचा मात्र उलट दिसतो. उलट्या स्थितीत वळायचे असेल, तर एलेरॉनने कल द्यावा आणि ओढण्याऐवजी ढकलावे.

इथे एकच गोष्ट जिवापाड सांभाळावी लागते. उलटे विमान खाली येऊ लागले, की घाबरलेला हात सवयीने स्टिक ओढतो. विमान अर्धा लूप खालच्या दिशेने करू लागते आणि प्रत्येक क्षणी वेग वाढवत जमिनीकडे येते. वरील उदाहरणातील विमानाला असा अर्धा लूप पूर्ण करायला सुमारे 20 मीटर उंची लागते, आणि तीही ओढ पूर्ण ताकदीची असेल तर. म्हणून उलट्या उड्डाणातून बाहेर पडण्याचा मार्ग नेहमी एलेरॉनचा असावा: थोडे ढकलावे, अर्धा रोल करावा, विमान सुलटे करावे. हा क्रम सिम्युलेटरवर हजारदा घोकावा. शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या ट्रान्समीटरची जोडणी करता येत असेल, तर पहिली उलटी उड्डाणे तशीच करावीत. शिकवणारा एक स्विच सोडून क्षणात ताबा घेऊ शकतो.

उंची किती असावी, याला माझे उत्तर असे: एक चूक झाली, ती सावरताना दुसरी झाली, तरी जमीन दूर राहावी इतकी. मात्र तिला वरूनही मर्यादा आहे. भारतात 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट होते. मैदान कोणत्या क्षेत्रात येते ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी पाहावे. एवढ्या उंचीत शिकाऊ कसरती आरामात बसतात.

हवामानाचाही हिशेब ठेवावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातील 40 अंशांच्या दुपारी तिथली हवा 15 अंश तापमानाच्या समुद्रसपाटीवरील प्रमाणित हवेपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे स्टॉलचा वेग 7 ते 8 टक्क्यांनी वाढतो आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) जोरही कमी पडतो. कोकण किनाऱ्यावर थंडीच्या सकाळी मऊपणे उडणारे विमान अशा दुपारी अधिक लहरी वाटते. नवीन कसरत सकाळीच शिकावी.

उभी रेषा, गिरकी आणि जोडकसरती

स्टॉल टर्नमध्ये विमान सरळ उभे वर जाते, वेग जवळजवळ संपल्यावर रडरने जागच्या जागी बाजूला वळते आणि त्याच रेषेने खाली येते. नाव काहीही असले तरी या कसरतीत पंख स्टॉल होत नाही. वेग नसताना रडर चालतो तो पंख्याच्या झोतामुळे, म्हणून थ्रॉटल पूर्ण बंद करू नये. मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याचा पिळदार झोत नाक डावीकडे ढकलतो, म्हणून अशी विमाने डावीकडे सहज वळतात. रडर फार लवकर दिला तर विमान कमान टाकते आणि उशिरा दिला तर शेपटीवर घसरते. तो नेमका क्षण सरावानेच हाती लागतो.

स्पिनमध्ये, म्हणजे गिरकीत, मात्र खरा स्टॉल असतो. थ्रॉटल बंद करून, नाक धरून ठेवत वेग घालवायचा आणि पंख सुटताच पूर्ण रडर द्यायचा. बाहेर पडताना थ्रॉटल बंदच ठेवावा, एलेरॉन मध्यावर, रडर गिरकीच्या विरुद्ध, एलेव्हेटर मध्यावर किंवा किंचित पुढे, आणि गिरकी थांबली की वेग येऊ देऊन हळूच ओढावे. गिरकीत एलेरॉनने पंख सावरण्याचा मोह आवरावा. सुटलेल्या पंखावर त्याचा उलटा परिणाम होऊ शकतो.

इथवर आल्यावर जोडकसरती फारशा नव्या राहत नाहीत. अर्धा लूप वर आणि माथ्यावर अर्धा रोल म्हणजे इमेलमान. लूपचा पाच-अष्टमांश भाग, 45 अंशांत उलटी उतरती रेषा आणि तिच्या मध्यावर अर्धा रोल म्हणजे हाफ क्यूबन एट. शिकणाऱ्याने जोडकसरतींची सुरुवात यानेच करावी, कारण विमान दिशा बदलून पुन्हा त्याच रेषेत, त्याच उंचीवर परत येते आणि पुढच्या कसरतीला आपसूक जागा मिळते.

परीक्षकाच्या नजरेने

रेडिओ-नियंत्रित कसरतींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1960 मध्ये स्वित्झर्लंडमधील ड्युबेनडॉर्फ येथे झाली. त्या काळातील अनेक रेडिओंवर स्टिकऐवजी नुसती बटणे असत. एलेव्हेटर एक तर पूर्ण हलायचा, नाही तर मुळीच नाही. आज फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेच्या एफ3ए गटात हीच स्पर्धा चालते. त्यातील विमानाची लांबी आणि पंखविस्तार प्रत्येकी 2 मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. वैमानिकापासून सुमारे 150 मीटर अंतरावरच्या रेषेत, मध्याच्या दोन्ही बाजूंना 60 अंशांच्या आत सर्व कसरती बसवाव्या लागतात. प्रत्येक कसरतीला 10 पैकी गुण मिळतात आणि ते तिच्या काठिण्यगुणांकाने गुणले जातात.

स्पर्धेत उतरायचे नसले तरी या नियमांतली एक गोष्ट प्रत्येकाने घेण्यासारखी आहे: परीक्षक विमानाचे नाक कुठे आहे हे न पाहता त्याने आकाशात आखलेली वाट पाहतात. आडव्या वाऱ्यात नाक थोडे वाऱ्याकडे वळवून धावपट्टीला समांतर उडणारे विमान बरोबर असते आणि नाक सरळ ठेवून वाहत जाणारे चूक. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत किंवा एखाद्या शहरातील छंदगटात एरोमॉडेलिंगची सुरुवात करणाऱ्यांनीही पहिल्या लूपपासून ही नजर ठेवावी. त्यासाठी धावपट्टीच्या पलीकडे, अगदी समोर, एक खांब किंवा झाड निवडावे आणि लूपचा तळ व रोलचा मध्य तिथेच यावा असा प्रयत्न करावा. शेजारी एक जण उभा असावा. त्याने पुढच्या कसरतीचे नाव सांगावे, विमान जवळ आले की दूर गेले ते बोलावे, आणि वैमानिकाने विमानावरून नजर हटवू नये. रोल खांबाच्या किती आधी सुरू केला तर मध्य खांबावर येतो, हे दोन्ही दिशांनी, वाऱ्याविरुद्ध आणि वाऱ्याबरोबर, वेगवेगळे तपासून वहीत नोंदवावे.